मुठीएवढा नारळ

अण्णा,

परवा आपल्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, लेकीचं लग्न झालं आणि मी तुमच्या झाडांपायी भर मांडवात भांडले.

तुम्ही बांधावर नारळ लावलेत तो दिवस मला आठवतो. धरणाचं पाणी नुकतंच शेताला लागलेलं. आपल्या माकणी गावातली माणसं येता-जाता म्हणतात, हे समुद्राकाठचं झाड, इथं कसं यायचं? तुम्ही हातातलं खोरं खाली न ठेवता म्हणता, "पानी हाय, ऊन हाय. झाडाला गाव कुठं कळतं?" झाडं आली. आम्हा बहिणींच्या ओट्या तुम्ही त्याच नारळांनी भरायला लावल्यात. दुकानातला नारळ घरात येऊ दिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर त्या झाडांना कोळी लागलाय. जाळं विणतो तो नव्हे, हा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. परमुलखातून आलेली कीड आहे म्हणे. कोवळ्या फळाच्या टोपीखाली बसून रस पिते. मग साल तपकिरी पडून तडकते, आणि सोलायला गेलं तर घट्ट चिकटलेल्या सालीतून मुठीएवढा, वाकडा नारळ निघतो. धाकटा तालुक्याला शेतीच्या कचेरीत गेला, तर तिथले साहेब हसले. नारळ कोकणातलं पीक, तुम्हाला इथं लावायला कुणी सांगितलं, म्हणाले. सोयाबीनवर अळी पडली की ह्यांचीच गाडी बांधापर्यंत येते. किडीनं जिल्हा विचारला नाही, ह्यांनी मात्र विचारला. शेवटी धाकट्यानं आपल्याच अकलेनं निंबाचं औषध मुळातून दिलं. तुमचं बघून शेजाऱ्यांनीही नारळ लावलेत, त्यांनी औषध दिलं नाही, वाऱ्यानं कीड परत आली.

तर ओटीच्या वेळी नवऱ्या मुलाच्या आत्यानं तुमच्या झाडाचा नारळ उचलून फिरवून पाहिला. "ह्यो नारळ हाय का सुपारी? चांगला आना, पोरीची पयली ओटी हाय."

धाकटा मान खाली घालून दुकानाकडं निघाला. त्याची ती मान बघून माझं डोकं फिरलं. कचेरीतही तो असाच उभा राहिला असेल. मी म्हटलं, "थांब. हिच्या आज्यानं लावलेल्या झाडाचा हाय. ओटीत ह्योच जाईल."

आतनं पोचट असंल, आत्या म्हणाली. मी तो नारळ दगडावर फोडला आणि अर्धी वाटी तिच्या हातात दिली. तिनं तुकडा काढून चावला, धाकट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गोड हाय की. भरा ओटी."

त्याच झाडाचा दुसरा नारळ ओटीत पडला. पोरीनं तोवर पसरलेला पदर आवरला नव्हता.

वऱ्हाड गेल्यावर उरलेली वाटी मी खाल्ली. पापुद्र्याएवढं खोबरं आणि चवीला पाणी. गोड नव्हतं, अण्णा. त्या बाईनं आपल्या घराची लाज राखली. धाकट्याला हे सांगवत नाही, तुम्हाला सांगते, कारण हा कागद ह्या घराबाहेर जायचा नाही.