इथे थानासी राहत नाही

पात्रा,
६ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. पेलागिया हिस फ्रोसोचे अ. उ. आ.

वि. वि. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी बस. बसलीस? आता ऐक. तुझा स्ताथिस धडधाकट आहे, माझ्याकडे आहे, आणि आत्ता माझ्या स्वयंपाकघरात भाताच्या खिरीची चौथी वाटी चाटतोय. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुला गळा काढता येणार नाही.

परवा मंगळवारी दुपारी तो कॉलेजातून येऊन खोलीवर पडला होता. गल्लीत सगळे जेवून झोपलेले. तेवढ्यात चार-पाच टोळभैरव लोखंडी गज घेऊन आले. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या फोडल्या, दाराच्या फळ्या फोडल्या आणि खिडकीतून लाल रंगाचे डबे आत ओतले. पलंग, पुस्तकं, तू विणलेली घोंगडी, सगळं लालभडक. आणि जाताना बाहेरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून गेले : थानासी, तू मेलास.

अगं, पण आपला तर स्ताथिस! घरमालक म्हणाला, थानासी नावाचा कुणी त्याच्या आधी तिथे राहायचा. तो दोन वर्षांपूर्वी जहाजावर चढला तो चढलाच, आता कुठल्या समुद्रात आहे ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही. म्हणजे बघ, भांडण थानासीचं आणि पलंगाखाली आपलं पोर. शेजारणीचा फोन आला म्हणून मी धावले, तर ते लोक केव्हाच पळालेले, आणि हा एवढा सहा फुटी बाप्या अजून पलंगाखालीच. दोन्ही पावलं बाहेर.

पोलीस चौकीतला अंमलदार मोठा शहाणा. म्हणाला, मुलगा थानासी नाही ना, मग घाबरायचं काय? दारावर तशी पाटी लावा. मी म्हटलं, साहेब, गज घेऊन येणारे आधी पाटी वाचतात होय? तर म्हणे, बाई, लावून तर बघा.

फोन का नाही केला म्हणशील. फोन माझ्या दिवाणाशेजारी, आणि दिवाणावर स्ताथिस. त्याने मला शपथ घातली आहे की आईबाबांना काही सांगायचं नाही. मी शपथ न बोलण्याची घेतली आहे, न लिहिण्याची नाही. तेव्हा पत्रं बसच्या ड्रायव्हरकडे देत जाऊ. पोरगा झोपताना बूट काढत नाही एवढं मात्र खरं. कोसमास माझा भाऊ, त्याला जपून सांग, तुझ्या त्या नेहमीच्या घंटानादाने नको.

तू रागावलीस तरी माया न सोडणारी,
फ्रोसो

*

पेत्रोखोरी,
१० फेब्रुवारी

ती. वन्सं यांस पेलागियाचा सा. न. वि. वि.

तुम्ही बसायला सांगितलंत आणि मी बसले ती नेमकी ताज्या चीजच्या परातीत. म्हणजे तुमच्या पत्राने या घरचं पहिलं नुकसान झालं.

तुमच्या बंधुराजांना मी अगदी हळू सांगितलं. इतकं हळू की त्यांना ऐकूच येईना, मग ओरडून सांगावं लागलं, मग शेजारच्यांनाही कळलं.  ते मागच्या अंगणात गेले आणि लाकडं फोडायला बसले ते अंधार पडेतो. आता आमच्याकडे तीन हिवाळ्यांची लाकडं झाली आहेत आणि अंगणातलं बदामाचं झाड नाहीसं झालं आहे. काल फक्त एवढंच विचारलं, त्याला कुत्रा नेऊन देऊ का? आमचा कुत्रा, वन्सं! जो कोंबडीला घाबरून चुलीमागे जातो.

मी म्हणते, पोराला घरी पाठवून द्या. परीक्षा गेली खड्ड्यात. इथे मेंढ्या आहेत, डोंगर आहे, रंग विकणारं दुकान पंचक्रोशीत नाही. तुम्ही म्हणाल, आईचं काळीज. असू दे. सकाळी डोळे उघडले की पहिलं मनात येतं, तो पलंगाखाली किती वेळ होता? तुम्ही लिहिलं नाहीत. नका लिहू.

सोबत पेटी पाठवते आहे. कांद्याच्या पातीचे सॉसेज, चीज, घरच्या शेवया, अक्रोड. तुमच्या घरी उकडलेल्या पाल्यावर माणूस किती दिवस काढणार? धीर यायला पोटात आधी काहीतरी लागतं. आणि त्याला म्हणावं, आईला काही माहीत नाही, पण आईने दोन नव्या घोंगड्या उगीचच पाठवल्यात.

आपली पायाशी आणि भांडायलाही जवळ असणारी,
पेलागिया

*

पात्रा,
१७ फेब्रुवारी

चि. सौ. पेलागिया हिस अ. उ. आ.

वि. वि. घोंगड्या बघून स्ताथिस माझ्याकडे नुसता बघत राहिला. म्हणाला, आत्या, आईला कळलंय ना? मी म्हटलं, मी चकार शब्द बोललेले नाही. यात काही खोटं आहे का?

पाल्याबद्दल तुझं बोलणं मी पचवलं, पालाच तो.

पाटी लावली. मोठ्या अक्षरांत : इथे थानासी राहत नाही. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं : मग कुठे राहतो? परवा आणखी एकाने : भेटला तर सांगा, मारियाचं लग्न झालं. स्ताथिसला सांगितलं तर तो हसला. त्या दिवसापासून पहिल्यांदा. मग लगेच गप्प झाला, जणू हसण्याचं भाडं पडतं.

बाहेर मात्र पडत नाही गं. खालच्या मजल्यावर कुणी खिडकीचं लाकडी झडप ओढलं तरी भिंतीला चिकटतो. आणि गाव कुठलं, तर पात्रा! महिना कुठला, तर कार्निवलचा! रस्त्यात जो भेटेल तो मुखवटा घालून ढोल बडवतोय. घाबरलेल्या पोराला ठेवायला याहून वाईट गाव शोधून सापडणार नाही.

पण माझा इलाज नाही, मिरवणुकीत यंदाही आमची चाळीस बायकांची टोळी आहे आणि यंदा आम्ही कोंबड्या आहोत. पांढऱ्या पिसांच्या, लाल तुऱ्याच्या. शिवणकाम सगळं माझ्या घरी. मी त्याच्या मांडीवर पिसांचं पोतं ठेवलं आणि म्हटलं, रडायचंय तर रड, पण चिकटवता चिकटवता. एका शेपटीला दोनशे पिसं लागतात. आता तो माझ्यापेक्षा सरळ चिकटवतो.

शनिवारी चिकटवताना आपणहून बोलला. म्हणाला, आत्या, काचा फुटल्या त्याचं काही नाही. मी ओरडलो नाही. हाताने तोंड दाबून धरलं होतं. एवढा मोठा झालो आणि ओरडलोसुद्धा नाही. आता वर्गात कुणी नुसता बाक सरकवला तरी मी दचकणार आणि सगळ्यांना कळणार. मला नाही जायचं परत.

 आमच्या टोळीची मुख्य, दातांची डॉक्टर कालिरोईबाई, तिथेच डोक्यावर तुरा बसवून बघत होती. ती म्हणाली, तू गप्प राहिलास म्हणून तर आज पिसं चिकटवतोयस. ओरडला असतास तर आम्ही तुझ्यासाठी मेणबत्त्या चिकटवत बसलो असतो. डोक्यावर कोंबडीचा तुरा असलेल्या बाईशी वाद कोण घालणार? त्या दिवशी तो पहिल्यांदा पाव आणायला खाली एकटा गेला. पाव विसरून आला, पण गेला.

म्हणून म्हणते, आत्ताच नेऊ नकोस. आत्ता नेलंस तर मेंढ्यांनाही घाबरेल.

तुझा राग आणि पेट्या दोन्ही येत राहोत,
फ्रोसो

*

पेत्रोखोरी,
२१ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, पिशवी आजच्याच बसने जाईल. तुमचे बंधुराज उद्या सकाळच्या गाडीने तिकडे निघणार आहेत. मला म्हणाले, चीज विकायला चाललोय. लग्नातला कोट घालून? मी म्हटलं, पात्राचे लोक कोट बघून चीज घेतात वाटतं.

पोराला कान धरून आणतो असं गावभर सांगत सुटले आहेत. पण वन्सं, तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा तोंड दाबून धरल्याच्या जागी ते उठून बाहेर गेले. गेले पंधरा दिवस दाराची कडी दहादा बघतात. लांडग्याच्या मागे काठी घेऊन पळणारा माणूस! मी विचारलं तर म्हणतात, बिजागरी खराब झाली आहे.

त्यांना रागावू नका, जेवायला घाला. आणि दोघांपैकी जो जास्त घाबरला असेल त्याला आधी जेवायला घाला.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
पेलागिया

*

पात्रा,
२७ फेब्रुवारी

चि. सौ. पेलागिया हिस अ. उ. आ.

वि. वि. आज मांस भाजायचा गुरुवार. सगळ्या गावात धूर भरलाय, डोळ्यांतून पाणी येतंय. तेव्हा कागदावर डाग दिसले तर ते धुराचे समज.

तुझा नवरा आला. दारात उभा राहून गरजला, आवर, चल घरी. आणि आत बघतो तो बारा कोंबड्या कॉफी पिताहेत. त्याने टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला आणि गरजायचं ते विसरला.

दोन-तीन दिवस बापलेक समोरासमोर बसून पिसं चिकटवत होते, जेवढ्यास तेवढं बोलत. मंगळवारी कालिरोईबाईने फर्मान काढलं, आज पोशाख घालून चालून बघायचं, आणि चालायचंच आहे तर त्या पोराची खोली साफ करून येऊ. बादल्या, खराटे, रंग खरवडायच्या पट्ट्या घेऊन आम्ही निघालो. बसवाल्याने घेतलं नाही, शेपट्या दारात मावेनात. मग चालत. पुढे कोंबड्या, मागे कोसमास लग्नाच्या कोटात, आणि सगळ्यांत मागे, भिंतीच्या कडेकडेने, स्ताथिस. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. म्हणाला, मी इथेच उभा राहतो.

कोसमास म्हणाला, त्यात काय आहे, बघतो मी. आणि तरातरा आत गेला. आम्ही त्याच्या मागोमाग. पेलागिया, रंग वाळून काळपट झाला होता. पलंगाखाली तेवढी एक जागा स्वच्छ राहिलेली, आडव्या माणसाएवढी. कोसमासने ती बघितली. बाहेर येऊन पायरीवर बसला आणि लेकाला हाक मारून म्हणाला, स्ताथी, माझे पाय लटपटताहेत रे. उठवत नाही मला.

मी त्याला साठ वर्षं ओळखते. तो खोटं बोलत नव्हता.

स्ताथिस धावत आला. बापाचा पांढरा चेहरा बघितला, इकडेतिकडे बघितलं, म्हणाला, पाणी आणतो. आणि गेला की आत! स्वतःच्या मोरीत, स्वतःचा पेला विसळला, नळ सोडला. आम्ही साऱ्या जणी खराटे धरून पुतळ्यासारख्या. पाणी घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं कुठे जाऊन आलो ते. पेल्यातलं अर्धं पाणी कोटावर सांडलं. कोसमास म्हणाला, राहिलेलं दे. मग दोघं पायरीवर बसून हसायला लागले, थांबेचनात. कालिरोईबाई आतून ओरडली, हसून झालं असेल तर भिंत कोण घासणार?

संध्याकाळपर्यंत दोघांनी घासली. रंग ओला केल्यावर सगळीकडे उडाला, परतताना दोन कोंबड्या तर अर्धवट कापल्यासारख्या दिसत होत्या. ते टोळभैरव काही सापडलेले नाहीत, आणि सापडतील असं अंमलदारही म्हणत नाही. हे तुझ्यापासून लपवत नाही. काल पोरगा बूट काढून झोपला. आज पुन्हा घालून झोपेल कदाचित. चालायचंच.

आणखी एक. आमच्या टोळीला कोंबडा हवा होता. तुझ्या नवऱ्याच्या छातीचं माप मी घेतलं आहे. त्याने नाही म्हटलेलं नाही.

तुझ्या माणसांना थोडे दिवस उसने ठेवून घेणारी,
फ्रोसो

*

पात्रा,
११ मार्च

ती. सौ. आईस स्ताथिसचा सा. न.

वि. वि. तुला काहीच माहीत नाही असं आत्या म्हणते, म्हणून पहिल्यापासून काही सांगत नाही.

रविवारी मोठ्या मिरवणुकीत मी कोंबडी होतो. बाबा कोंबडा. आई, ते आरवले! लाजत लाजत सुरू केलं, मग थांबेचनात. लोक गच्चीवरून त्यांना चॉकलेटं मारत होते आणि ते पंख पसरून झेलत होते. मला दोनदा गर्दीतून बाजूच्या बोळात जावं लागलं. छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. दोन्ही वेळेला बाबा बोळात आले, शेजारी उकिडवे बसले. दुसऱ्यांदा एक बाई जाताजाता म्हणाली, अंडं झालं की सांगा हो. मग बाहेर आलोच.

काल पतंगांचा सोमवार, म्हणून आम्ही सगळे समुद्रावर गेलो. उपासाचा चपटा पाव, ऑलिव्ह, हलवा. बाबांनी बांधलेला पतंग दोनदा वाळूत नाक घासून तिसऱ्यांदा चढला. एवढ्यात आमच्या मागे अगदी जवळ कुणीतरी मोठा फटाका फोडला.

मी डोक्यावर हात घेऊन खालीच बसलो. डोळे गच्च मिटले. मग उघडायची लाज वाटायला लागली, आता सगळे माझ्याकडे बघत असणार. तरी उघडले. कुणीच बघत नव्हतं. आत्या ऑलिव्हच्या बरणीसकट वाळूत पालथी. कालिरोईबाई टेबलाखाली. पलीकडे बसलेले पाद्रीबुवा एका लहान मुलीच्या मागे लपलेले. आणि बाबा लग्नाच्या कोटासकट कमरेएवढ्या पाण्यात उभे, पतंगाची दोरी तेवढी वर धरलेली.

सगळ्यांत आधी मीच उठलो. पाण्यात शिरलो, बाबांना धरायला हात पुढे केला. तर ओरडले, मला राहू दे रे, आधी दोरी धर!

धरली. वर एवढी ओढ होती, आई, की हाताला वळ उठलाय.

बाबा उद्याच्या गाडीने परत येताहेत, कोटाबद्दल त्यांना काही बोलू नकोस. मी येत नाही. शनिवारी खोलीवर राहायला जातो, सोमवारपासून वर्ग. ईस्टरला येईन, तोवर पेट्या पाठवत राहा आणि तिकडून माझी आठवण काढत राहा, मला इथे कळतं.

तुझा,
स्ताथिस