बाकीच्यांत आबा

कुरुंदवाड, ३ मे

चि. सौ. संयोगितास, आबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो, आणि रेडिओवर घरचं बोलायचं नाही हा तुम्हा हॅम मंडळींचा नियम. म्हणून पत्र.

शिरोलीच्या फौंड्रीतून निवृत्त झाल्यावर या हौशी रेडिओच्या नादाला तूच मला लावलंस. परीक्षेला बसवलंस. आता रेडिओवरच्या सकाळच्या हजेरीला कोल्हापुरात कंट्रोल तू, कुणी कधी बोलायचं ते तू ठरवायचं. इचलकरंजीच्या काशिफला हाक मारतेस, मग तो बोलतो. जयसिंगपूरला हाक मारतेस. शेवटी म्हणतेस, बाकी कोणी असल्यास बोलावे. त्या बाकीत तुझा सासरा. पुष्कळ दिवस वाट पाहिली. बोलावल्याशिवाय मी कुणाच्या पंगतीला बसलेलो नाही. परवा एरियल उतरवली. तिच्या पाइपावर तुझ्या सासूनं, आमच्या शालूबाईनं, दोडक्याचा वेल चढवलाय.

माझ्या लेकाला, आदर्शला सांग, गुडघा बरा आहे. माया आहेच, राग तिच्या शेजारी बसलाय.

आबा

कोल्हापूर, ८ मे

ती. आबांस, संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडू आलं, आणि दोडक्यापाशी हसूही आलं.

आबा, कंट्रोलचं बोलणं तोडकं असतं. बोला, थांबा, पुन्हा सांगा. त्यात नमस्कार नाही की विचारपूस नाही. काशिफभाईंना मी खुशाल तसं म्हणते. तुम्हाला सगळ्या जिल्ह्यासमोर थांबा म्हणायला जीभ रेटेना. म्हणून हाक न मारता शेवट मोकळा ठेवला, की तुम्ही सवडीनं बोलाल. मला वाटत होतं, मी मान ठेवतेय. तुम्ही गप्प राहिलात तेव्हा वाटलं, सुनेच्या हाताखाली बोलणं आबांना रुचत नाही. शेवटी काशिफभाईच म्हणाले, "ताई, आबा ऐकत्यात की. तुम्हीच बोलवीना झालासा."

मागच्या पुरात मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि कुरुंदवाडची काहीच खबर लागेना. तुम्ही दोघं माळ्यावर आहात की शाळेत, हेही आम्हाला कळलं नव्हतं. आदर्श नुसता येरझाऱ्या घालत होता. आता त्या बाजूला रेडिओवाले तुम्ही एकटे. यंदा तुमची एरियल खाली असली तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही.

महिनाअखेरच्या रविवारी पावसाळ्याआधीची तालीम आहे. पहिली हाक तुम्हाला मारीन. मात्र कंट्रोलला बसले की मी तुमची सून नसेन. हे चालत नसेल तर तसं कळवा, मी ते काम दुसऱ्या कुणाला देईन.

आईंना नमस्कार. रागाला जरा बाजूला सरकायला सांगा.

संयोगिता

कुरुंदवाड, १४ मे

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद.

ओतकाम चालू असताना मी साहेबालाही मागं सरका म्हणून ओरडलोय. लोखंडाचा तापलेला रस कुणाचा मान बघत नाही. एवढं कळणारा माणूस मी, आणि रेडिओवर रुसून बसलो.

काम दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. एरियल चढवतो. शालूबाई वेल सोडवू देत नाही, तेव्हा तोही बरोबर चढेल.

तुझाच,
आबा

कुरुंदवाड, २ जून

चि. सौ. संयोगितास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू पहिली हाक कुरुंदवाडला मारलीस. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आहे ते नीट सांगितलं. मग जीभ सुटली. घाटावर कोण भेटलं, दोडकी किती धरली, सगळं सुरू झालं. तू मध्येच म्हणालीस, कुरुंदवाड, थांबा. मी थांबलो.

तुझी सासू दारात उभी होती. सून सगळ्यांसमोर असं बोलली म्हणून तिचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, "अगं, मला थांबीवलं तिनं. हजेरीतल्या माणसालाच थांबा म्हणत्यात, बाकीच्यास्नी कोण थांबीवतंय?"

घरी माया आहे तशी ठेव, आणि हजेरीला अशीच कडक राहा.

आबा,
कुरुंदवाड केंद्र