लाजाळू कुत्र्याची हकिगत

प्रिय मेहुणेबुवा,

वयाने तू धाकटा, पण बायकोचा भाऊ म्हणजे मानाचा, तेव्हा अर्धा नमस्कार आणि अर्धा आशीर्वाद धाडतो आहे, सोयीप्रमाणे वाटून घे. तुझी पाठ आता कशी आहे? इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईसुद्धा. (हे वाक्य जरा मनात धरून ठेव, पुढे आधाराला येईल.)

आमच्या मागच्या गल्लीत बिबट्या येतो हे तुला ठाऊक असणारच, कारण तुझ्या ताईने तुला कळवली नाही अशी गोष्ट अजून घडायची आहे. दोन महिन्यांत सहा कुत्री गेली, तशी कॉलनीत एकच ओरड सुरू झाली, पिंजरा लावा आणि घेऊन जा त्याला. वनखात्याच्या रक्षकबाई आल्या, त्यांना लोकांनी घेरलंच. बाई मोठ्या शांत. म्हणाल्या, हा नेला तर रिकाम्या जागी दुसरा येईल, आणि त्या नवख्याला तुमच्या गल्ल्या, तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळा काहीच माहीत नसणार. आधी हा कशाला येतो ते शोधू या. पंधरा दिवसांत नाही कळलं तर पिंजरा. आता या बाईंच्या गणवेशाची पँट माझ्याकडे शिवायला होती (आणि कंबर दोनदा चुकली होती), त्यामुळे त्यांचं म्हणणं मला ताबडतोब पटलं. मान डोलावणारा मी एकटाच दिसलो, म्हणून कारण शोधायला नेमलेल्या समितीचा अध्यक्षही मीच झालो.

अध्यक्ष झाल्यावर माणसाच्या अंगात काय संचारतं देव जाणे! शिलाईची कामं टाकून मी दारोदार हिंडू लागलो. कचरा उघडा टाकाल तर कुत्री येतील, कुत्री आली की मागोमाग पाहुणा येईल, हे मी इतक्यांदा सांगितलं की समोरचे निवृत्त मास्तर मला बघून खिडकी लावून घ्यायला लागले. कोंबडीच्या दुकानदाराला तर मी भर गिऱ्हाइकांत झापला, की तुझ्या हाडकांपायी कुणाचा तरी जीव जाईल. तो बिचारा झाकणाचे डबे घेऊन आला. रक्षकबाईंनी गल्लीत खांबाला कॅमेरा बांधला होता, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. मी त्याच्यावरही रोज देखरेख ठेवली.

पंधरा दिवसांनी शाळेच्या हॉलमध्ये, भिंतीला चादर लावून, सगळ्या कॉलनीला ते फोटो दाखवले. पहिले अकरा फोटो माझेच निघाले. (कॅमेरा चालू आहे ना, हे जवळ जाऊन बघताना. दोन फोटोंत मी केस सारखे करतोय.) लोक हसून घेतात तोवर बारावा आला. संध्याकाळचे पावणेसात, आणि गल्लीत वाकून ताटली ठेवणारी तुझी आई! ताटलीत हाडकं. माझ्याच पानातली, बाबा. रोज जेवण झालं की सासूबाई ती मागून घ्यायच्या आणि मला वाटायचं झाडांच्या खतासाठी असतील. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. पण लाज वाटायलाही सवड मिळाली नाही, कारण तेरावा फोटो आला. तीच ताटली, आणि तिच्यात तोंड घातलेला बिबट्या. सहा वाजून एकोणपन्नास मिनिटं.

चार मिनिटं, मेहुणेबुवा. मी बोटांवर दोनदा मोजली. तेवढ्यात तुझ्या मातोश्रींनी पदराने चष्मा पुसला, चादरीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा होय तो! मला वाटायचं, एक कुत्रं फार लाजाळू आहे, मी वळल्याशिवाय पुढे येतच नाही.” त्याच्यासाठी त्या वेगळा वाटा राखायच्या म्हणे!

रक्षकबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सासूबाईंचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, आजी, सापडलं कारण. त्या दिवसापासून ताटली बंद, गल्लीत दिवा आणि उरलेली तिन्ही कुत्री संध्याकाळ झाली की माझ्या दुकानात. (कापड बेतायच्या टेबलाखाली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर केस सापडतात, मी लोकरी कापड म्हणून सांगतो.) तीन आठवडे बिबट्या टेकडीवरून खाली उतरलेला नाही. पिंजरा टळला. कोंबडीवाला मला रोज वाकून नमस्कार करतो, तो मी निमूटपणे घेतो.

एकंदरीत सगळं झकास चाललं आहे, काळजी नसावी.

तुझा,
अध्यक्ष (माजी)

ता. क. : सगळं झकास नाही. सासूबाई पावणेसात वाजले की मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. परवा मी ओरडलो, तर म्हणाल्या, तिथे कुणीतरी माझी वाट बघायचं रे. कडी मी वर बसवली आहे, पण कडीने किती दिवस निभणार? तेव्हा मुद्द्याचं : रोज साडेसहाला त्यांना फोन कर आणि साडेसातपर्यंत सोडू नकोस. पाठीचं रडगाणं गा, काहीही कर.

ता. क. दुसरा : पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, त्याला लिही, कामात असशील तर राहू दे. म्हणून लिहिलं. आता कृपा कर आणि कामात असू नकोस.