लपवलेला रकाना

धुळे, रविवार, संध्याकाळ

घडले ते क्रमाने लिहिते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स आणि कोलंबस, दोन्ही शहरांतल्या विद्यापीठांनी मला नोकरी देऊ केली. कोलंबसला माझी थोरली बहीण, अक्का, राहते; तिने माझ्यासाठी खोलीही रंगवून ठेवली. मी दोन्ही शहरांना गुण देणारा तक्ता केला. पगार, प्रयोगशाळा, घरभाडे, सगळ्यांत कोलंबस पुढे. 'रात्रीचे शहर' या एका रकान्यामुळे न्यू ऑर्लिन्स जिंकले. आज तो रकाना लपवून, तिथल्या प्रयोगशाळेचे गुण वाढवून, मी तक्ता वडिलांपुढे ठेवला.

आबांनी चष्मा लावून बेरीज तपासली; सगळी बरोबर निघाली. "बठ्ठं बराबर शे. तुन्हं गणित कधी चुकस का?" लगेच मी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "आकडे तुझे आहेत ना? मग वाद कसला! त्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल ठेवते." हसली, पण जरा उशिरा.

एकच आकडा फिरवला म्हणून मी एका विद्यार्थिनीचा प्रबंध परत केला होता. आणि आज मी स्वतः तेच केले. बत्तिसाव्या वर्षीही रात्री नऊनंतर कुठे निघालीस, याचा जबाब घरी द्यावा लागतो. मला न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ क्लबात मध्यरात्री एकटीने ट्रम्पेट ऐकत बसायचे आहे. यात लाजण्यासारखे काय होते? तरी तो रकाना लपवलाच.

आत्ता अक्काला मूळ तक्ता पाठवला. खाली लिहिले: "प्रयोगशाळेचे कारण खोटे होते. मला तिथल्या रात्री हव्या आहेत, आणि त्यासाठी मी तुझी खोली नाकारली. फोन करू नकोस; फोनवर तू हसून सोडून देशील. राग आला असेल तर तोही लिही. मला उत्तर लेखी हवे."