आबाच्या पोटाची शिवण

अमडापूर,
ता. ८ जानेवारी १९६४

चि. गुलाबास सिंधूताईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

आबाच्या आतड्याचा पीळ ऑपरेशन करून काढला, तिथवर तुले ठाऊक आहे. दहाव्या दिवशी बुलढाण्याच्या डॉक्टरनं टाके काढून घरी धाडलं, अन् तेव्हापासून आपला बाप बाजेवरून हालत नाही. सारी जिंदगी बाजारात सरकीच्या बोऱ्या शिवल्या ना! दोरा ओढला की पोत्याचं तोंड उघडते, तसं आता आपलं पोट उघडन, म्हणते. दोन्ही हातांनी पोट धरून पडला आहे. खोकत नाही, हसत नाही. छातीत कफ घरघरते, कालपासून बारीक ताप आहे. मले लय भ्या लागून राह्यलं रे. तू एवढा डॉक्टरी शिकून राह्यला, तं काही लिही. लवकर लिही.

तुझी
सिंधूताई


नागपूर,
ता. ११ जानेवारी १९६४

ती. सिंधूताईस गुलाबचा सविनय जयभीम. पत्र आत्ताच मिळालं.

आबांना सांग, काढले ते नुसते कातडीचे टाके. पोट धरून ठेवणारी शिवण आत आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. पोत्याचा दोरा सलग असतो, म्हणून एक टोक ओढलं की सारं उसवतं. पोटात प्रत्येक टाक्याची गाठ वेगळी असते. उशी पोटावर दाबून धरायची आणि खोकायचं. कफ आत राहिला तर तोच घात करील.

एक मात्र बुलढाण्याला जाऊन विचार, आतला दोरा कोणता? मेंढीच्या आतड्याचा असला तर तो ओला होऊन रोज थोडा थोडा कमजोर होतो. तेवढ्यात मांस जुळलं तर ठीक. इथं वॉर्डात एकाचं जुळलं नाही, खोकताना त्याचं पोट उघडलं. मी डोळ्यांनी पाहिलं. हे आबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा लोभ असाच असावा, रागावलीस तरी चालेल.

गुलाब


अमडापूर,
ता. १७ जानेवारी १९६४

चि. गुलाबास जयभीम व आशीर्वाद.

काऊन बे, 'वाचून दाखवू नकोस' हे शेवटी लिहितात का? मी मोठ्यानं वाचत गेली, त्या ओळीवर येईस्तोवर आबानं सारं ऐकलं होतं. मग तं घोटभर पाणीही घेईना, ठसका लागन म्हणे. मी सकाळच्या यष्टीनं बुलढाणा गाठलं. डॉक्टर भला माणूस. आतला दोरा नायलॉनचा आहे, विरघळत नाही म्हणाले, अन् हातभर तुकडाही दिला.

आबानं तो भिजवला, आढ्याले बांधून खाली वरवंटा टांगला. दोरा तुटला नाही, पण गाठ सरकली! आबानं मात्र मान डोलावली. दोरा चिकना आहे, दोन गाठींनी धरत नाही म्हणे, अन् आणखी तीन मारल्या. मग गाठ हालली नाही. डॉक्टरही पाच गाठी मारतात, हे मी विचारूनच आली होती, ते सांगितलं. ते ऐकून म्हणे, आण उशी.

खोकला रे गुलाब! शिव्या देत देत खोकला. कफ पडला, ताप उतरला, शिवण जागच्या जागी आहे. मी चुलीपाशी बसून रडून घेतलं.

काल भाकर खाता खाता म्हणे, याच्या हाती दाभण येऊ नाही म्हणून शाळेत टाकला, अन् हा नागपुरात शिवणंच शिकून राह्यला! अन् खदखदा हसला. पोट धराचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

माया आहेच, ती कागदावर मावत नाही.

तुझी
सिंधूताई