लांबट डोक्याला बसणारी हॅट

प्रिय सोन्या,

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे फोनवर सांगितलंच. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, उन्हात निघताना मोठ्या काठाची हॅट घालायचीच. मला हसूच आलं. माझं डोकं तुला माहीत आहे, पुढून मागे लांबट. तुझी मावशी लहानपणी मला पपई म्हणायची. आजवर एक टोपी धड बसली असेल तर शपथ! कपाळाला आवळणार आणि कानांपाशी हवा खेळणार. मोठी घ्यावी, तर जरा वारा सुटला की मी पुढे, टोपी मागे.

तरी गेले बाजारातल्या टोप्यांच्या दुकानात. दुकानदारीण मोठी धीराची. ती हॅट काढून देत होती, मी घालून बघून काउंटरवर ठेवत होते. शेजारच्या आरशापुढे एक गृहस्थ असेच घामाघूम झालेले. पूर्वी बस चालवायचे, आता निवृत्त. डोकं अगदी वाटोळं, कलिंगडच. म्हणाले, आयुष्यभर कामावर मिळेल ती टोपी घातली, डोक्याचं माप कधी कुणी विचारलंच नाही. त्यांनी नको म्हणून ठेवलेली राखाडी हॅट मी चुकून उचलली, डोक्यावर ठेवली आणि काय सांगू! मान वाकवली, डोकं हलवलं, हॅट जागची हलेना. मग मी टाकलेली तपकिरी त्यांनी घातली, तीही चपखल. दुकानदारीण म्हणाली, घेर दोघांचा एकच आहे हो, ठेवण तेवढी वेगळी. तिघंही पोट धरून हसलो. तुझे बाबा गेल्यापासून मी असं मोठ्यानं हसलेच नव्हते. घरी येऊन कुलूप उघडताना ते लक्षात आलं, तशी पायरीवरच जरा वेळ बसले.

पुढे बागेत फिरताना ते गृहस्थ भेटायला लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बोलतात कमी, चहात साखर ढीगभर घालतात, त्यावरून मी रागावते. स्वयंपाकघरातला गळका नळ त्यांनीच दुरुस्त करून दिला. एक दिवस जरा अडखळत म्हणाले, फिरून झाल्यावर आपापल्या घरी जायचं जिवावर येतं हल्ली, तुमचं काय? मी उठून घरी निघून आले. नंतर बरेच दिवस बागेत गेलेच नाही. बाबांच्या फोटोसमोर बसायची, उठायची, भांडी घासायची. शेवटी गेले. ते बाकावर होते. रोज येत होते म्हणे. मी हो म्हटलं.

फोनवर सांगायचं म्हणते, पण तू तुमच्याकडच्या पुढच्या खोलीचं बोलायला लागलास की माझी जीभ रेटत नाही. माझ्यासाठी रंग दिलास, खिडकीपाशी पलंग टाकलास, सूनबाईंनी पडदे शिवले. सोन्या, मी कायमची राहायला येणार नाही. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय, नोंदणी कचेरीत, साधंच. तुला राग येईल, कदाचित वाईटही वाटेल. वाटू दे. मला फोन करून भांड हवं तर, गप्प मात्र बसू नकोस. बाबांची जागा बाबांचीच आहे, ती कुणाला दिलेली नाही. आणि माझ्या बाजूनं सहीला साक्षीदार लागतो. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव घालायला माझा हात धजत नाही. येशील?

तुझीच,
आई