चार मी आणि एकटी भद्रा

शनिवार, दिवेआगर

मानवजातीवरच्या अन्यायांत आज एकाची भर. नंदूने खेळायला मला पाय फाकणारी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. असल्या आसनावर बसून मांत्रिकाने मंत्र काय निवडायचा?

फाशांचा हा राक्षस-योद्ध्यांचा खेळ नंदूच चालवतो. दातांचा डॉक्टर, त्यामुळे रक्ताचं वर्णन चवीने करतो. आज त्याचा राक्षस कुऱ्हाड घेऊन धावून आला. माझ्या मांत्रिकात एकाच मंत्राचं बळ उरलेलं. ढाल घेतली तर शेजारी लढणाऱ्या भद्रेलाही आडोसा. आरसे घेतले तर माझ्यासारखे आणखी तीन मी, राक्षस गोंधळणार.

आरसे घेतले. आणखी तीन मी! नाही म्हणवतं होय?

कुऱ्हाड आरशातल्या मला आरपार कापत गेली आणि भद्रेच्या बरगड्या फोडून आत रुतली. "फुप्फुस बाहेर!" नंदू खुशीत ओरडला.

भद्रा ही त्याच्या बायकोची, वर्षावहिनींची योद्धी. वादळात घरची नारळाची वाडी आडवी झाली, त्या वर्षी त्यांनी भद्रा घडवली होती.

"भावोजी, तुम्ही चार झालात आणि मी एकटी मेले," वहिनी म्हणाल्या. हसून म्हणाल्या, तेच लागलं. मग चहा टाकायला उठल्या.

चार झालो. करायचे काय होते एवढे?

नियमात एक वाट आहे: मांत्रिकाने आपलं निम्मं आयुष्य कायमचं दिलं, तर मेलेला उठतो. वहिनी आत असताना मी माझ्या मांत्रिकाच्या कागदावरचं निम्मं आयुष्य खोडरबराने पुसलं. नंदूने पाहिलं, आणि वहिनी चहा घेऊन येताच म्हणाला,

"वर्षा, भद्रेने डोळे उघडलेत. टाक फासा."

कुणामुळे, हे वहिनींनी विचारलंच नाही. राक्षसाचे गुडघे फोडण्यात त्या गुंतल्या होत्या.